मेंढीवाटा : पारनेर पठार ते मुरबाड, प्रकल्पाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर, दादर

पहिली बैठक झाली. चौघंजण आलो. काम ठरलं ते असं: पारनेर तालुक्याच्या पठारावर, म्हणजे कान्हूर पठार, टाकळी ढोकेश्वर, ढवळपुरी या पट्ट्यात, मेंढपाळीच्या जुन्या खुणा कुठे आणि किती उरल्यात याचा नकाशा करायचा. चौघांच्याही नोकऱ्या मुंबईत. त्यामुळे जेवढं इथे बसून होईल तेवढं आधी उरकायचं आणि मग पठारावर जायचं.

साधनं तीन: सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट (चढउतार, वाटा, वस्त्या दाखवणारे सरकारी नकाशे), आजची उपग्रहचित्रं आणि कोरोनाची चित्रं. कोरोना हे अमेरिकेच्या जुन्या हेर-उपग्रहांचं नाव. १९६० ते १९७२ या काळात त्यांनी टिपलेली चित्रं १९९५ साली खुली झाली. बहात्तरच्या दुष्काळाआधीचं पठार त्यात बघायला मिळतं, आम्हाला त्याचंच महत्त्व.

नोंदीचा तक्ता स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या कामावरून बेतला आहे. तिकडे मेंढ्यांचे दगडी वाडे मोठ्या संख्येने नोंदले गेले आहेत. भिंतीची लांबी, उंची, दाराची दिशा, आतले कप्पे असे रकाने. शेवटी एक रकाना मी वाढवला: गावात काय म्हणतात.

२६ ऑक्टोबर

४१ आकृत्या मिळाल्या. बहुतेक चौकोनी, काही गोल. कोरोनाचं चित्र काळंपांढरं असतं. त्यात दगडाची रांग बारीक उजळ रेघेसारखी उमटते. रात्री एक-दीडपर्यंत स्क्रीनसमोर होते. फाइलला नाव दिलं ‘कोंडवाडे’.

९ नोव्हेंबर, लालबाग

ऑफिसातल्या मैत्रिणीचे सासरे मूळ पारनेरचे, धनगर. घरात सगळे आबा म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात सतराव्या वर्षी मुंबईला आले, गिरणीत लागले, ब्याऐंशीच्या संपानंतर मिळेल ते काम केलं. आज लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. चाळीतली दहा बाय बाराची खोली, दारात तुळस, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घातलेले.

फाइल उघडल्या उघडल्या त्यांनी नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“कोंडवाडा? तो सरकारी असतो, पोरी. जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं की त्यात कोंडायचे. मग दंड भरून सोडवून आणायचं. माझ्या बानं दोनदा भरलाय.”

मला हे माहीत असायला हवं होतं. जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१चा, कोंडवाडे त्याच कायद्याखाली चालायचे. ज्यांच्या खुणा शोधायला निघालो त्यांच्या दंडाच्या जागेचं नाव आम्ही त्यांच्याच घराला दिलं होतं. माफी मागितली. आबा म्हणाले, “माफी कसली, नाव बदल म्हंजी झालं.” तिथेच बदललं.

मग एकेक आकृती पाहत गेले. “ही ताल आहे. पाणी अडवायला घालतात.” “हे खळं. गोल आहे न्हवं? मळणीचं.” “ही विहिरीतनं काढलेली माती.” आजच्या चित्रात आहेत पण कोरोनाच्या चित्रात नाहीत असे नऊ बांध त्यांनी पाहताक्षणी ओळखले. ते दुष्काळी कामावर घातलेले. त्यातल्या एकावर त्यांच्या आईने पाट्या वाहिल्या होत्या. ते सांगताना स्क्रीनवर बोट टेकलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

४१ पैकी उरले पाच. ते मात्र खरे वाडे: पावसाळ्यात खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, गावी परतलं की ठेवायची जागा. कमरेइतकी दगडाची भिंत, तिच्यावर बाभळीच्या काट्या.

“आणि बाकीचे आठ महिने?” मी विचारलं.

“बाकीचे आठ महिने वाघर.”

वाघर म्हणजे दोरीचं जाळं. संध्याकाळी चार बाजूंना मेखा ठोकून उभं करायचं, मेंढरं आत घालायची, सकाळी गुंडाळून घोड्याच्या पाठीवर. दुसऱ्या दिवशी दुसरं वावर. एकाच जागी का नाही, हे मी विचारल्यावर आबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “एका जागी बसवली तर शेतकरी दाणे कशाचे देईल? लेंड्या सगळ्या वावरभर पडाया पायजेत. एक रात इथं, एक रात तिथं. त्याचीच तर कमाई.”

खत हीच मजुरी. एका रात्रीच्या मुक्कामाचं मोल धान्यात, आता बऱ्याचदा पैशात. भिंत बांधली असती तर खत भिंतीच्या आतच पडलं असतं आणि मेंढका उपाशी राहिला असता. आम्ही महिनाभर भिंती शोधत होतो.

१० नोव्हेंबर

सगळ्यांना फोन करून सांगितलं. तक्त्यातले रकाने बदलायला हवेत यावर एकमत झालं.

स्कॉटलंडचे कागद पुन्हा काढून वाचले. तिथल्या भिंतींना कारण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांनी खोऱ्यांमधली कुळं उठवली आणि तिथे मोठे मेंढीमळे घातले. १७९२ साली तिथल्या लोकांनी या नव्या मेंढ्या हाकलून लावायचा प्रयत्न केला. ते साल त्यांच्या भाषेत ‘मेंढ्यांचं वर्ष’ म्हणूनच ओळखलं जातं. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात वस्त्या रिकाम्या केल्या. काही ठिकाणी उठवलेल्या घरांचे दगडच मेंढ्यांच्या वाड्यांना लागले. तिथली मेंढी मळ्याच्या मालकाची आणि एका जागची. आपल्याकडची मेंढी माणसाबरोबर चालणारी, दुसऱ्याच्या शेतात रात्र काढणारी. त्यांच्या तक्त्यात आपली खूण बसणारच नव्हती.

२३ नोव्हेंबर, फोर्ट

टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयात अख्खा दिवस. अहमदनगरचं जुनं गॅझेटियर, १८८४चं. वाचताना एक जाणवलं: त्या काळच्या दप्तरात माणूस गावाखाली नोंदला जातो, आणि आमची माणसं वर्षातले आठ महिने गावात नसतातच. १८७८चा वनकायदाही आज नीट वाचून काढला. राखीव जंगलाची सीमारेषा आखली की मधून जाणारी वाट कागदावरून पुसली जाते. पाय मात्र त्याच वाटेने जात राहतात, फक्त आता चोरून किंवा परवाना काढून.

वाटांचा खरा विचार दोघांनी केलेला दिसतो. एक दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्याभोवतीच्या डोंगरधारांवर त्यांनी गारगोटीची बारीक हत्यारं वेचली आणि ती धनगरांच्या चालत्या वाटांशी जोडून पाहिली. कुलाब्याच्या टाटा संशोधन संस्थेत गणितावर काम करणारा माणूस, पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करणारा. घाट उतरताना खिडकीतून त्यांना या वाटा दिसत असतील असं मला सारखं वाटतं.

दुसरे गुंथर सोनथायमर, जर्मन अभ्यासक. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांच्या मागोमाग ते धनगरांच्या वाड्यांवर राहिले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा परंड्याजवळच्या सोनारीहून आला अशी कथा आहे, धनगर भक्तामागे चालत. देव कुठून कुठे आला ते नकाशावर काढलं तर कोरड्या मुलखातून पश्चिमेकडे जाणारी रेघ मिळते. मेंढ्यांचीही दिशा तीच. म्हणून तक्त्यात नवा रकाना: देव कुठून आला.

७ डिसेंबर

इनामगावच्या उत्खननाबद्दल वाचलं. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. आमच्या पठाराला लागूनच. १९६८पासून बरीच वर्षं तिथे उत्खनन चाललं. आधीच्या काळातली घरं चौकोनी, ऐसपैस. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इसवीसनापूर्वी हजारच्या पुढे, पाऊस उणावला तशी शेती मागे पडली, शेळ्यामेंढ्यांवर भर आला आणि घरं लहान व गोल झाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी दुष्काळाला दिलेलं उत्तर आबांच्या आजोबांच्या ओळखीचं होतं, एवढंच मला म्हणायचं आहे. सलग परंपरा म्हणायला पुरावा लागतो, तो माझ्याकडे नाही.

१४ डिसेंबर, लालबाग

आबांनी आज पेटीतून घोंगडी काढली. डांबरगोळ्यांचा वास, आणि तो विरल्यावर खालून दुसरा, मेंढीचा. वडिलांच्या खांडातल्या लोकरीची. काळी, पण उजेडात धरली की तपकिरी झाक. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते आणि एका मेंढीची वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपासच निघते, दोन कातरण्या मिळून. म्हणजे हिच्यात अनेक मेंढ्या आहेत.

मी बोट फिरवलं तर टोचली. आबांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेतलं: लोकर पिंजायची, बायांनी चरख्यावर सूत काढायचं, उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, कुंच्याने फिरवायची, वाळू द्यायची. विणणारे सनगर किंवा खुटेकर. खळीने घोंगडी सुरुवातीला पुठ्ठ्यासारखी ताठ असते, पाच-सहा पावसाळ्यांनी अंगावर बसते. पाणी वरून ओघळून जातं. खोळ करून डोक्यावर घेतली की पावसात तीच छत्री.

काठाजवळ एक जागा रफू केलेली. तिथला धागा पांढरा. “मुंबईत काळी लोकर कुठनं आणू?” सूनबाई म्हणाल्या, आबा अजून थंडीत तीच घेतात. मुंबईच्या थंडीत!

११ जानेवारी, मुरबाड

पारनेरकडचे मेंढके आळेफाटा, ओतूर करत माळशेजने कोकणात उतरतात. पठारावर पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, जानेवारीपर्यंत चारा सरतो. खाली भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी. पावसाळ्यात मात्र इथे मेंढरू टिकत नाही, चिखलात खूर सडतात. म्हणून रोहिणीच्या आत वर जायचं. जाण्यायेण्याचं वेळापत्रक पाऊस लिहितो.

कल्याणपर्यंत लोकल, पुढे एसटी, मग रिक्षा. मुंबईहून तीन तास. आबांच्या नात्यातला एक वाडा इथे उतरलाय हे त्यांनीच फोनाफोनी करून काढलं. वाडा हा शब्द इथे आणखी वेगळा: एकत्र चालणारी पाच घरं, त्यांची मिळून साडेतीनशे-चारशे मेंढरं, तीन घोडी, कुत्री, कोंबड्या. घोड्यावर बिऱ्हाड. नुकती जन्मलेली कोकरं डालग्याखाली.

कारभाऱ्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, “रातीला इथं, उद्या त्या बांधापल्याड.” सूर्य टेकला तसं वाघर उभं राहिलं. दोन बाया आणि एक मुलगा, वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मेंढरं आत शिरताना माना खाली घालून एकमेकांना खेटून जातात. पाण्यासारखा आवाज येतो.

१२ जानेवारी, मुरबाड

पहाटे वाघर निघालं, वाडा हलला. आम्ही मागे थांबलो आणि रिकाम्या जागेचं मोजमाप केलं. पुरातत्त्वाचा विद्यार्थी उत्खननात करतो तसंच: चारी कोपऱ्यांना खुंट्या, मधोमध दोरी, मीटरमीटरचे चौकोन. बाजू साधारण १८ मीटर बाय १५. कोपऱ्यांजवळ मेखांची भोकं, करंगळी जाईल एवढी. लेंड्यांचा थर मध्ये दाट, कडेला विरळ. एका बाजूला जरा जास्त, कारण रात्री वारा उलट बाजूने होता आणि मेंढरं तिकडे सरकली होती. भाताची धसकटं सगळी मोडून जमिनीत दाबली गेलेली. वाघराबाहेर चार पावलांवर तीन दगडांची चूल, राख अजून कोमट. एका दगडाच्या खालच्या बाजूला जुनी काजळी: मागच्या कुणीतरी वापरलेलाच दगड पुन्हा घेतलेला.

त्या काजळीचा फोटो मी वेगवेगळ्या उजेडात अकरा वेळा काढला. आमच्या सगळ्या कामातला हा सगळ्यात खरा पुरावा आहे असं मला वाटतं. जाळं जातं, लेंड्या मातीत मिसळतात, पण चूल मांडायला दरसाल त्याच बांधाच्या आडोशाला यावं लागतं.

खाचराच्या मालकाने जागेवर काठी रोवून ठेवू दिली. आम्ही परत येणार आहोत म्हटल्यावर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

२ फेब्रुवारी, मुरबाड

मेखांची भोकं बुजली. लेंड्या वाळून फिक्या पडल्या. चूल जागेवर.

१५ मार्च, पठार

आबा बरोबर आले. वय पाहता नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही.

पाचपैकी तीन वाड्यांवर पोचलो. दोन मोडले आहेत, दगड शेताच्या बांधाला गेले. तिसरा उभा. भिंत कमरेच्या खाली आलीय, काट्या कधीच्या गेल्या. आत जमीन बाहेरच्यापेक्षा वीतभर उंच आणि रंगाने काळपट. बोटाने उकरली तर भुकटी होते. धोत्रा माजलेला, बाहेर मुरुमावर एक झाड नाही. खत मुरलेल्या जागी धोत्रा आणि काटेमाठ हटकून येतात, म्हणजे हे झाड आमच्यासाठी खूण आहे. तक्त्यात घातलं.

दाराशी आबा थांबले. उजव्या हाताचा उभा दगड, मांडीच्या जरा खाली असा एक पट्टा, तळहाताएवढा रुंद. तेवढाच गुळगुळीत, वर-खाली दगड खडबडीत. मेंढरं आत-बाहेर करताना अंग घासतात, लोकरीतलं मेण दगडाला लागतं, वर्षानुवर्षं. उन्हात तो पट्टा तेल लावल्यासारखा चमकत होता. आबांनी तिथे हात ठेवला. काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “तू लाव हात.” गार लागला.

वरच्या माळावर बिरोबा: शेंदूर लावलेला एक दगड, भोवती छोट्या दगडांचं रिंगण, कुणीतरी अलीकडेच उधळलेला भंडारा. शेजारी खडकात तीन खळगे, पाणी साठायचे. टोपोशीटवर इथे काहीच नाही, कोरी जागा.

१६ मार्च

परतीच्या वाटेवर आबांनी गाडीत पाच मैलांच्या टप्प्यातली नावं सांगितली, मी लिहिली: मेंढबैठक, घोडउतार, कोकराची खोंगळ. सतराव्या वर्षी सुटलेली नावं. एकही चुकलं का हे गावात विचारून पडताळायचं आहे. दोन आधीच जुळली.

२९ मार्च, दादर

नकाशा नव्याने. भिंती लाल (पाच), देवाचे दगड पिवळे, खडकातलं पाणी निळं, नावाची जागा काळी, मुक्कामाची चूल करडी. लाल ठिपके सगळ्यात कमी. करड्यांसाठी अजून लोकांना भेटावं लागेल. मुंबईत पारनेर-संगमनेरची अशी बरीच म्हातारी माणसं असणार, गिरणगावात, घाटकोपरला, कळव्याला. पुढच्या सहा महिन्यांचं काम म्हणून हे लिहून ठेवतेय, आणि ते लवकर व्हायला हवं.

१९ एप्रिल, मुरबाड

जागा ओळखू येत नाही. काठी नसती तर चुकलोच असतो. चुलीचे दोन दगड हलले आहेत, काजळीचा तिसरा तसाच.

मालक म्हणाले, बाकीच्या तुकड्यात रोपासाठी राब भाजला, पाला-पाचोळा-शेणी टाकून. मेंढरं बसलेल्या तुकड्याला मात्र भाजणी दिली नाही. गरज नाही म्हणाले. यंदा रोप इथेच टाकणार.

७ जून

कारभाऱ्यांचा फोन. वाडा माळशेज चढून वर पोचला. दोन कोकरं वाटेत रस्त्यावर गेली, गाडीखाली. घाटातली जुनी पायवाट होती तिथे आता चालायला जागाच राहिली नाही, रात्री दोनला खांड डांबरी रस्त्याने काढावं लागतं. हेही नोंदीत आलंच पाहिजे.

१२ जुलै, मुरबाड

पहाटे निघालो, कल्याणच्या पुढे धो धो पाऊस. बांधावरून घसरत खाचरापर्यंत पोचलो. सगळीकडे लावणीची घाई, मालकाच्या घरचे सगळे पाण्यात वाकलेले.

रोपांचा वाफा आमच्या काठीभोवती होता. भाताची रोपं सगळीकडे पोपटी. मधोमध एक तुकडा गडद हिरवा, हातभर उंच. टेप लावली. १८ बाय १५, एका बाजूला थोडं पुढे आलेलं. वारा जिकडून नव्हता ती बाजू.

फोटो आबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. मागे गिरणगावातल्या पावसाचा पत्र्यावरचा आवाज. म्हणाले, “चूल कुठाय ते दिसंना. बांधाच्या आडाला बघ.”

बघितलं. होती.